नगरच्या स्पाइक मिलिगनकडून काय घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी व्यक्ती अहिल्यानगरची, वय 24, एकांकिका लिहिते आणि आवाज बदलून बोलू शकते. ‘ब्रिटिश रेडिओ-टीव्हीवरचा विनोदी लेखक आणि नट स्पाइक मिलिगन आमच्या नगरात जन्मला हे परवाच कळलं. तर्काला उलटं टांगणारा विनोद टीव्हीसाठी लिहायचा आणि पात्रांना आवाजही द्यायचा, यावर पोट भरतं का? त्याच्या वाटचालीतून काय घ्यावं? आणि नगरला राहून सुरुवात करता येईल का?’

मी 27 वर्षं डबिंग आणि विनोदी लेखन ही दोन्ही कामं करते आहे. माझ्या कामाचा पाया ज्याच्या ध्वनिफिती ऐकून घातला गेला, त्याच माणसाबद्दल तुम्ही विचारलं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी नगरचं. टेरेन्स अ‍ॅलन मिलिगन, म्हणजेच स्पाइक, 16 एप्रिल 1918 ला तेव्हाच्या अहमदनगरमध्ये जन्मला. वडील लिओ मूळचे आयरिश, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात नोकरीला. आई फ्लोरेन्स इंग्लिश. बालपण पुण्यात गेलं, मग रंगूनमध्ये. वडील लष्करी मंडळींच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत हौसेने उभे राहायचे, आई गायची, म्हणजे घरात रंगमंच होताच. पुण्याच्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी शाळेत तो नाताळच्या नाटकात विदूषक झाला होता. त्याने पुढे सांगितलेली आठवण अशी: शेवटच्या प्रसंगात बाळ येशूच्या पाळण्याभोवती सगळी पात्रं जमतात, तिथे विदूषकाला जागा नव्हती. पण हा पोरगा टोपी काढून त्या घोळक्यात घुसला आणि पाळण्याजवळ जाऊन उभा राहिला. विदूषकालाही तिथे जागा हवीच, असं त्याला वाटलं. माझ्या मते त्याचं पुढचं सगळं काम या आठवणीत आहे. जिथे विदूषकाला बोलावलेलं नाही तिथे त्याला नेऊन उभं करायचं, आणि तेही टोपी काढून, मनापासून.

1930च्या दशकाच्या सुरुवातीला सैन्यातली पदं कमी झाली, वडिलांची नोकरी गेली आणि कुटुंब लंडनला गेलं. ऊन, आया, नोकरचाकर, छावणीतला बँड असं सगळं सोडून दक्षिण लंडनच्या कोंदट खोल्या आणि किरकोळ नोकऱ्या. याच काळात तो ट्रम्पेट वाजवायला शिकला, जाझच्या नादी लागला. याचं महत्त्व मी पुढे सांगते.

मग दुसरं महायुद्ध, तोफखान्यात भरती. उत्तर आफ्रिकेत असताना एक जड तोफ उतारावरून घसरून खाली कोसळली. मिलिगन ती शोधत एका ट्रकपाशी आला, आत डोकं घालून त्याने विचारलं, कुणी तोफ पाहिली का? आतून प्रश्न आला, कोणत्या रंगाची? हे विचारणारा होता हॅरी सीकम, पुढे त्याचा आयुष्यभराचा सहकलाकार. हा किस्सा नीट पाहा. हरवलेली तोफ हा जीवघेणा प्रकार, पण दोघं ती छत्री हरवल्यासारखी शोधतायत. दोघांपैकी कुणीही विनोद करत नाहीये. तुम्हाला जो विनोद लिहायचा आहे त्याची चाल हीच. जग वेडंवाकडं असतं आणि पात्रं त्यात अगदी समजूतदारपणे वागतात. नवशिके उलट करतात, साध्या जगात पात्रांना वेडेचाळे करायला लावतात. मग प्रेक्षकाला फक्त आरडाओरडा दिसतो.

1944 च्या जानेवारीत इटलीत तो तोफगोळ्याच्या माऱ्यात जखमी झाला आणि मनानेही खचला. वरिष्ठांनी त्याला पदावरून उतरवलं. ही जखम त्याला जन्मभर पुरली, तिच्याकडे मी परत येते.

युद्धानंतर लंडनच्या ग्राफ्टन आर्म्स नावाच्या पबमध्ये चौघांचा अड्डा जमला: मिलिगन, सीकम, पीटर सेलर्स आणि मायकेल बेंटीन. तिथल्या खिदळण्यातून बीबीसी रेडिओचा कार्यक्रम उभा राहिला. 28 मे 1951 ला तो ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाला आणि पुढे ‘द गून शो’ म्हणून ओळखला गेला. जानेवारी 1960 पर्यंत दहा मालिका आणि दोनशेहून जास्त भाग. बेंटीन दुसऱ्या मालिकेनंतर बाहेर पडला. लिखाणाचा मुख्य भार मिलिगनवर. लॅरी स्टीफन्स आणि एरिक साइक्स यांनी काही काळ साथ दिली, पण गाडा ओढणारा बैल हाच.

तुम्ही टीव्हीबद्दल विचारलंत आणि मी रेडिओवर थांबले आहे, कारण त्याचा टीव्हीवरचा विनोद रेडिओतच घडला. मिलिगन वाक्य आधी लिहून मग आवाज शोधत नसे. आवाज आधी यायचा. एकल्स, मिनी बॅनिस्टर, काउंट मोरिआर्टी, लिटल जिम ही त्याची स्वतःची पात्रं. एकल्सचा आवाज म्हणजे जाड, सुस्त, प्रत्येक शब्दाआधी थोडा थांबणारा. त्या थांबण्यामुळेच एकल्सला कोणती वाक्यं शोभतील हे ठरतं. तो लांब वाक्य बोलूच शकत नाही. तो चलाखी करू शकत नाही. पण समोरच्याने दिलेली कल्पना तो शेवटपर्यंत प्रामाणिकपणे पाळतो.

एकच प्रसंग जवळून पाहू. 1957 च्या एका भागात ब्लूबॉटल (सेलर्सचा चिरका, पोरसवदा आवाज) एकल्सला किती वाजले म्हणून विचारतो. एकल्स सांगतो, आठ. तुला कसं कळलं? तर म्हणे कागदावर लिहून ठेवलंय, सकाळी एका भल्या माणसाला वेळ विचारली तेव्हा त्याने लिहून दिली. मग कुणी विचारलं आणि तेव्हा आठ वाजलेले नसले तर? तर एकल्स तो कागद दाखवतच नाही. इथपर्यंत बरा विनोद आहे, पण बहुतेक लेखक इथे थांबले असते. मिलिगन पुढे जातो. ब्लूबॉटल कागद कानाला लावतो आणि कागद बंद पडल्याचं जाहीर करतो. एकल्सला धक्का बसतो, आपल्याला नकली माल खपवला! म्हणूनच तर तो आठावर अडकला होता.

मी नव्या मुलांना हा प्रसंग शिकवताना पेन्सिल घेऊन पायऱ्या आखायला लावते. कागद म्हणजे घड्याळ, एवढी एकच थाप लेखकाने मारली आहे. त्यानंतरचं प्रत्येक वाक्य त्या थापेशी इमान राखतं. घड्याळ असेल तर ते चालायला हवं, चालत असेल तर टिकटिकायला हवं, टिकटिकत नसेल तर बंद पडलेलं, आणि बंद पडलं तर विकणाऱ्याने फसवलं. दुसरी थाप कुठेही नाही. आपल्याकडे काट्याच्या अणीवर तीन गावं वसवणारं कूट भारूड आहे, तेही असंच पायरी पायरीने चढत जातं: गावांत कुंभार येतात, मडकी येतात, मूग रांधले जातात, पाहुणे येतात. लहानपणी ते ऐकलेलं असेल तर या प्रकारच्या लेखनाचा कान तुमच्याकडे आधीच आहे.

आणि आता आवाजाकडून पाहा. हाच संवाद दोन सारख्या आवाजांत वाचला तर पडतो. एक आवाज उंच आणि घाईचा, दुसरा खाली आणि रेंगाळणारा, म्हणूनच मधल्या थांब्यात हशा उतरायला जागा मिळते. जाझ वाजवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कुणी कधी थांबायचं, कुणी कुणाच्या वर चढायचं, तेच स्वर दुसऱ्या लयीत कधी परत आणायचे, हे ट्रम्पेटने त्याच्या अंगात मुरवलं होतं. म्हणून माझा आग्रह असतो की विनोदी लिहिणाऱ्याने एखादं वाद्य शिकावं, तबला असो, हार्मोनियम असो, शाळेच्या बँडमधला ड्रम असो.

ध्वनींच्या बाबतीतही तो असाच हट्टी होता. संहितेत ध्वनी हे पात्रासारखे लिहायचा, त्यांनाही प्रवेश, थांबा आणि बाहेर पडणं असायचं. किस्सा प्रसिद्ध आहे: एका ओल्या, लिबलिबीत आदळण्याच्या आवाजासाठी त्याने कॅन्टीनमधून कस्टर्ड मागवलं, मोज्यात भरलं आणि मोजा गरगर फिरवून आपटून पाहिला. 1958 मध्ये बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे नवे ध्वनी घडवणारा विभाग, सुरू झाली तेव्हा ‘गून शो’मधल्या मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटातली खळबळ तिथे टेपवर घडवली गेली. डबिंगच्या टेबलावर आजही माझं मत असं आहे की ध्वनी रेकॉर्डिस्टवर सोडून देणारा लेखक अर्धीच संहिता लिहितो.

आता तो भाग, जो प्रश्नात नाही पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दर आठवड्याला अर्ध्या तासाची, पूर्णपणे नवी, आधी कुणी न लिहिलेल्या धाटणीची संहिता, वर्षाला पंचवीस-तीस भाग. रविवारी प्रेक्षकांसमोर रेकॉर्डिंग, सोमवारपासून पुन्हा कोरा कागद. युद्धातून आलेली दुखापत आत तशीच. डिसेंबर 1952 मध्ये, तिसरी मालिका चालू असताना, मिलिगन कोसळला. हातात सुरी घेऊन तो सेलर्सच्या घराकडे गेला होता, इतकी त्याची अवस्था बिघडली होती. त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं, पुढचे कित्येक भाग त्याच्याशिवाय झाले. नैराश्याचे आणि उन्मादाचे झटके त्याला आयुष्यभर येत राहिले. मोठी गोष्ट ही की त्याने ते लपवलं नाही. मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने 1993 मध्ये नैराश्यावर पुस्तक केलं, तेही अशा काळात जेव्हा नावाजलेले लोक या विषयावर तोंड उघडत नसत.

लोक म्हणतात वेडेपणातून प्रतिभा येते. मला हे मनापासून अमान्य आहे. कागदाच्या घड्याळाचा प्रसंग डोकं ठिकाणावर असलेल्या, कान तल्लख असलेल्या कारागिराने लिहिला आहे. आजाराने त्याचे आठवडे खाल्ले, संसार मोडले, लिखाण दिलं नाही. मीही एकदा रोजच्या मालिकेसाठी अकरा महिने आठवड्याला सहा भाग लिहिले. नवव्या महिन्यात मला रात्री झोप लागेना आणि दिवसा साधे शब्द आठवेनात. निर्मात्याकडे सहलेखक मागितला, मिळाला नाही, तेव्हा मी काम सोडलं. पैशांची ओढाताण झाली. तरी तो निर्णय योग्य होता असं मी आज ठामपणे म्हणते. तुम्ही या धंद्यात आलात तर पहिल्या दिवसापासून दोन-तीन जणांचा लेखनाचा गट करा. झोप उडाली, जेवण सुटलं, तर डॉक्टरकडे जा, भाग उशिरा गेला तरी चालेल.

गटाचं महत्त्व मिलिगनलाही कळलं होतं. 1950च्या दशकातच साइक्स, रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांच्याबरोबर त्याने ‘असोसिएटेड लंडन स्क्रिप्ट्स’ ही लेखकांची संस्था काढली. शेफर्ड्स बुशमध्ये एका भाजीवाल्याच्या दुकानावरच्या खोल्यांत ती सुरू झाली. लेखकांनीच एकमेकांचं काम सांभाळायचं, व्यवहार एकत्र करायचा. आपल्याकडे तुम्ही मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या, संहिता नोंदवल्याशिवाय कुणाला पाठवू नका. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या लेखनाच्या रॉयल्टीबद्दल 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने लेखकाची बाजू बळकट केली आहे. करारात ‘सर्व हक्क एकरकमी’ असं लिहून आलं तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा.

आता टीव्ही. 1956 मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर सेलर्स आणि मिलिगनचे तीन छोटे कार्यक्रम झाले, त्यातले दोन ‘अ शो कॉल्ड फ्रेड’ आणि ‘सन ऑफ फ्रेड’. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर, जो पुढे बीटल्सच्या चित्रपटांमुळे गाजला. रेडिओवर ‘समुद्र’ म्हटलं की समुद्र होतो, पण कॅमेऱ्यापुढे तो रंगवलेला पडदाच असतो. मिलिगनने त्यावर काढलेला उपाय मला अजून थक्क करतो: पडदा लपवूच नका. स्टुडिओ दिसू द्या, पात्राला सेटच्या बाहेर चालत जाऊ द्या.

1963-64 मध्ये ‘द टेलिगून्स’ ही बाहुल्यांची मालिका आली, 26 भाग, जुन्या संहिता आटोपशीर करून आणि मूळ तिघांनी आवाज नव्याने रेकॉर्ड करून. आवाजाचं काम उत्तम आहे. तरीही माझ्या मते तिथे काहीतरी हरवलं. एकल्सचा चेहरा दिसला की ऐकणाऱ्याच्या मनातला एकल्स मागे हटतो. अ‍ॅनिमेशनला आवाज देणाऱ्या प्रत्येकाने ही मालिका आणि मूळ रेडिओ भाग शेजारी शेजारी ऐकावेत. चित्र जितकं जास्त सांगतं तितका आवाज कमी करावा लागतो, हे कानाला लगेच कळतं.

आणि मग मार्च 1969. बीबीसी टूवर ‘क्यू फाइव्ह’. दिग्दर्शन इयान मॅकनॉटन यांचं. यात मिलिगनने स्केचचा, म्हणजे छोट्या विनोदी प्रवेशाचा, शेवटच मोडीत काढला. एक प्रसंग रंगात आला की तो सोडून द्यायचा, दुसऱ्यात शिरायचा. शेवट सुचला नाही तर सगळे नट कॅमेऱ्याकडे चालत येत, आता आपण काय करायचं असं पुटपुटत. कपड्यांवर बीबीसीच्या वेशभूषा विभागाच्या चिठ्ठ्या तशाच लटकत. त्याच सुमारास मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाची मंडळी आपला कार्यक्रम आखत होती. त्यांच्यातल्या टेरी जोन्स यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं की हे पाहून त्यांना आपली वाट सापडली आणि हादराही बसला, कारण जे करायचं होतं ते मिलिगनने आधीच केलं होतं. त्यांनी मॅकनॉटन यांनाच आपल्याकडे घेतलं आणि ऑक्टोबर 1969 मध्ये त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. जगभर नाव त्यांचं झालं.

पंच, म्हणजे शेवटी हशा उसळवणारं वाक्य, टाळणं नव्या लेखकांना सोपं वाटतं. ते फार अवघड आहे. पंच काढला की प्रेक्षकाला पुढे ओढून नेणारं दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि क्यू मालिकांमध्ये ते दर वेळी मिळत नाही. 1975 ते 1980 दरम्यान क्यू सहा ते नऊ आल्या, 1982 मध्ये तिचाच पुढचा भाग वेगळ्या नावाने. त्यात विलक्षण प्रसंगांशेजारी कंटाळवाणे, आणि बायकांना नुसतं शोभेपुरतं वापरणारे प्रसंगही आहेत. रेडिओच्या काळात निर्माते त्याच्याशी भांडून संहिता आटोक्यात ठेवत. ते भांडण कमी झालं की काय होतं, हे इथे दिसतं. चांगला, हट्टी निर्माता मिळाला तर त्याला धरून ठेवा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्याच 1969 मध्ये ‘करी अँड चिप्स’ या मालिकेत मिलिगनने चेहरा रंगवून पाकिस्तानी माणसाची भूमिका केली. लेखक तो नव्हता, जॉनी स्पाइट होते. सहा भागांनंतर मालिका बंद पडली. रेडिओवरही सेलर्स आणि तो हिंदी बाबूंचे हेल काढून बोलत. जो माणूस पुण्यात वाढला, ज्याच्या कानात हिंदुस्तानी बोली होती, त्यानेच ती हशासाठी वापरली याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडेही मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं पात्र आलं की ते नोकर किंवा बावळटच असतं. आवाज देणाऱ्याने इथे नाही म्हणायला शिकावं. एकल्स कुठल्या गावचा आहे हे कुणालाच कळत नाही, तरी तो सगळ्यांत जास्त हसवतो.

पोट भरतं का? मिलिगनचं फक्त टीव्हीवर कधीच भरलं नाही. त्याने मुलांच्या कविता लिहिल्या, कादंबरी लिहिली, युद्धाच्या आठवणींचे सात खंड लिहिले. 1964 मध्ये ‘ओब्लोमोव्ह’ नाटकाचा पहिला प्रयोग पडल्यावर त्याने संहिता बाजूला सारून रोज नवं बोलायला सुरुवात केली आणि नाटक तुफान चाललं. सोंगाड्याची बतावणी पाहिलेल्या मराठी माणसाला त्यातली मजा लगेच समजेल. आणि आवाजाने त्याला शेवटपर्यंत साथ दिली: 1995 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, ‘वुल्व्ज, विचेस अँड जायंट्स’ या मुलांच्या अ‍ॅनिमेशन मालिकेचं निवेदन त्याने केलं. चेहऱ्याला मिळणारं काम वयाबरोबर आटतं, आवाजाला मिळणारं टिकतं. म्हणून लेखन आणि आवाज ही जोडी मला शहाणपणाची वाटते. एकात मंदी आली की दुसरं चालतं.

फक्त गळा जपा. एका कार्टूनच्या राक्षसासाठी मी सलग पाच तास ओरडले आणि तीन आठवडे आवाज गेला. तेव्हापासून मी किंचाळण्याच्या ओळी सत्राच्या अगदी शेवटी घ्यायला सांगते आणि तसं आधी लिहून देते.

शेवटचा प्रश्न, नगरला राहून. होय, सुरुवात तिथेच करा. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडा, दोन्ही बाजूंना गोधड्या टांगा, मधे माइक ठेवा. पहाटे साडेचारला रेकॉर्ड करा, तेव्हा रस्ता शांत असतो आणि पंखा बंद ठेवता येतो. पहिले तीन महिने नुसते दोन आवाज घ्या, एक घाईचा, एक रेंगाळणारा. त्यांना एक वस्तू द्या, समजा कुलूप, आणि ते कुलूप नसून दुसरंच काही आहे अशी एकच थाप मारा. दोन मिनिटांचा संवाद लिहा, रेकॉर्ड करा, आठवडाभर ठेवून द्या, मग ऐका. ज्या ठिकाणी तुम्हाला दुसरी थाप मारावी लागली तिथे खूण करा आणि तेवढा भाग परत लिहा. प्रत्येक फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. क्यू फाइव्हच्या काही टेपा पुसल्या गेल्या, त्यातले काही भाग आज कुणालाच पाहायला मिळत नाहीत.